शिवनाथ कुठल्या रकान्यात?

दादा,

नारळ हरीभाईंनी आणला. शेंडीचा.

भटजींनी यादीतलं सामान एकेक करून मागितलं आणि वहिनीच्या पिशवीत नारळ नव्हता. ती विसरली नव्हती. तुमच्या घरात दोन वर्षांत नारळ आलाच नव्हता, पण हे भटजींना कोण सांगणार. इथल्या, ऑकलंडच्या, मराठी मंडळाचे अध्यक्ष करमरकर गाडीची किल्ली खुळखुळवत सुपरमार्केटला निघाले, तेवढ्यात मागच्या रांगेतून हरीभाई उठले. तुझ्या डेपोत फोर्कलिफ्ट चालवणारे, सतरा वर्षं तुझ्याबरोबर डबा खाणारे, फिजीचे हरीभाई. कोटाच्या आत छातीशी धरलेला नारळ त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बहिनी, भैया के खातिर."

आम्हाला स्मशानगृहातला हॉल एक तास मिळाला होता. पुढचं कुटुंब बाहेर थांबलं होतं. तुला निरोप देऊन बाहेर आलो तेव्हा हरीभाई कार पार्कच्या कठड्यापाशी उभे होते. त्यांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"बहिनी, ऊ कागज में शिव के बात आइस?"

मी म्हटलं, "हां, आई." हो, आली.

ते नुसते मान हलवून गेले. दादा, ती बात माझ्या खात्याच्या त्या कागदात आलेली नाही. हे तुलाही माहीत होतं. का आली नाही, ते मात्र मी तुला खरं सांगितलं नव्हतं. तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. एवढे दिवस हे पत्र रोज चार ओळींपुढे जात नव्हतं. इतर सगळं मला लिहिता येतं. पाच ओळींचा सारांश, पन्नास पानांचा अहवाल. हे येत नव्हतं.

मागच्या रविवारी मंडळाने तुझी शोकसभा घेतली. पडद्यावर तुझे फोटो फिरत होते आणि करमरकर म्हणाले की तू सदैव हसतमुख होतास. मी वहिनीकडे बघितलं, वहिनीने माझ्याकडे. तू हसतमुख कधी होतास रे? तू तर लोकांच्या लग्नातसुद्धा कंटेनर अडकल्यासारखा चेहरा करून बसायचास. मग म्हणाले, मंडळाचं प्रत्येक काम तुझं स्वतःचं काम होतं. शेवटच्या दोन वर्षांत तू मंडळाची पायरी चढला नाहीस, हे त्यांनी सांगितलं नाही. का चढला नाहीस हे तर त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. सगळे खाली बघत होते. नंतर चहा आणि सामोसे.

म्हणून हे मी लिहिते आहे. ज्यांना माहीत नाही त्यांनी वाचावं, आणि ज्यांना माहीत आहे त्यांनीही.

इथे दुकानात मिळणारा नारळ भादरून येतो. खायला चालतो, पण कलशावर ठेवायला शेंडी लागते. तुझ्या डेपोत फिजीहून माल उतरायचा, अळूचे कंद, आलं, नारळ. हरीभाईंचा धाकटा भाऊ शिवनाथ तिकडे फिजीत, लौटोकाजवळ, शेडमध्ये तो माल भरायचा. एकदा डबा खाताना तू सहज बोललास की आमच्या गणपतीला शेंडीचा नारळ मिळत नाही. झालं. त्या वर्षीपासून दर गणपतीच्या आधी चार पोती येऊ लागली. वरची सालं काढलेली, शेंडी मात्र राखलेली, कागदपत्रं चोख. पोत्यांच्या तोंडाला शिवनाथ नाडाछडी बांधायचा, बाकीच्या मालात मिसळू नयेत म्हणून.

आलेल्या प्रत्येक मालातली काही पोती उघडून बघायची, हा डेपोतला नियम तूच घातला होतास. आणि ह्या चार पोत्यांना तो तूच लावला नाहीस. देवाची पोती. ती वेगळ्या, पुसलेल्या पॅलेटवर ठेवायची, त्यांना पाय लावायचा नाही, त्यांच्यावर बसायचं नाही. तुझ्याकडची सामोअन माणसंसुद्धा पाळायची ते. एकदा मी डेपोत आले होते तर तो धिप्पाड गडी मला म्हणाला होता, "केअरफुल सिस्टर, दॅट्स द गॉड्स सॅक." केवढा अभिमान वाटला होता मला. बघा, आपला देव इथेही कसा मानतात.

नऊ वर्षं ती पोती न उघडता पेनरोजच्या डेपोतून तुझ्या गराजमध्ये गेली. नऊ वर्षांत हे कुणाच्या तरी लक्षात आलं. ज्यांच्या लक्षात आलं त्यांना देवाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की लाल धागा बांधलेलं पोतं ऑकलंडमध्ये कुणी उघडत नाही.

दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी, वहिनी सारणासाठी नारळ निवडत होती. तिने पहिला कानाशी धरून हलवला. पाणी वाजेना. नासका असेल म्हणून बाजूला ठेवला. दुसरा, तिसरा. चौथा तिने तुझ्या हातात दिला आणि म्हणाली, "अहो, हे सगळे मुके कसे?" तू गराजच्या पायरीवर तो फोडलास. आत पांढऱ्या पुडीचं चिकटपट्टीने गुंडाळलेलं बोचकं होतं. शेंडीखाली भोक पाडून, डोळा पुन्हा लाखेने बुजवला होता. शेंडी होती म्हणून ते दिसलं नाही.

तू मला फोन केलास. मी ऑफिसात होते. ह्या देशाच्या अंमली पदार्थांच्या धोरणावर काम करणाऱ्या खात्यात तुझी बहीण बसते, तेव्हा तू आणखी कुणाला करणार. तुझा आवाज अगदी शांत होता.

"सुमे, काय करू?"

"कशाला हात लावू नकोस. पोलिसांना फोन कर. आत्ता."

"करतो. आधी शिवला करतो. त्याला कळायला हवं."

"दादा, शिवला अजिबात फोन करू नकोस. तो त्यात आहे की नाही, तुला काय माहीत? तुझा फोन तपासतील. अडकशील तू."

"तो त्यात नाही, सुमे."

"तुला माहीत नाही."

 मग "बरं" म्हणालास. लहानपणापासून परीक्षेचा अर्ज असो की पासपोर्टचा, कागदाच्या बाबतीत तू माझं ऐकायचास.

मी दिलेला सल्ला बरोबर होता. आजही कुणी विचारलं तर मी हाच देईन. पोलिसांनीही तुला हेच सांगितलं. तीन दिवस त्यांनी तुला तेच तेच प्रश्न विचारले, तुझ्या मुलाच्या, तन्मयच्या, खोलीतल्या कपाटाचे खणसुद्धा उघडून पाहिले, आणि मग सोडून दिलं. ज्याला ते नारळ न्यायचे होते तो कोण, हे कधी कळलं नाही. बहुधा तुमचं गराज फोडून नेणार होते, असा त्यांचा अंदाज. आणि चौथ्या आठवड्यात शिवनाथ त्याच्या शेडमध्ये मेलेला सापडला. मारून टाकलेला. कसा, ते मी इथे लिहिणार नाही. हरीभाईंनी तुला सांगितलं होतं आणि तू दोन दिवस जेवला नव्हतास, एवढं पुरे.

तो त्यात होता की नव्हता? की त्याला नुसतं धमकावलं होतं? की माल बुडाल्यावर समोर दिसेल त्याच्यावर राग काढला? तिथेही कुणाला अटक झाली नाही. आपल्याला हे कधी कळणार नाही. तुला मात्र एकच दिसत होतं. फोन केला असता तर त्याला पळायला चार आठवडे मिळाले असते. माझ्यावर तू कधी ओरडला नाहीस. ओरडला असतास तर मला सोपं गेलं असतं.

मंडळाच्या बैठकीत तू म्हणालास की संकष्टीच्या आरतीनंतर दोन मिनिटं शिवनाथसाठी उभं राहू या. नऊ वर्षं त्याचे नारळ आपण देवापुढे ठेवले. करमरकर म्हणाले, "भावना समजते. पण आपला काय संबंध? उद्या पेपरात आलं तर मंडळाचं नाव कुठे जाईल? इथे आपण चांगल्या लोकांत मोजले जातो."

"तो आपल्याच नारळापायी मेला," तू म्हणालास.

"हे बघा, त्या लोकांचं तिकडचं काय लफडं असेल ते असेल."

त्या लोकांचं. तिकडचं. तू खुर्ची मागे सारून उठलास, ती आवाज करत पडली, आणि तू ती उचलून नीट ठेवून मग बाहेर पडलास. हे मला वहिनीने सांगितलं. खुर्ची उचलून ठेवलीस हे ती दोनदा म्हणाली.

मग तू वाचायला लागलास. तुझ्यासारखा माणूस, जो वर्तमानपत्रातही फक्त हवामान वाचायचा. दक्षिण अमेरिकेतून निघालेला माल बेटांवर कसा उतरतो. इथे आणि ऑस्ट्रेलियात सगळ्यात जास्त भाव मिळतो म्हणून कार्टेलवाले अख्खा पॅसिफिक ओलांडून कसे येतात. मधल्या बेटांवरच्या माणसांना पैशाऐवजी मालच कसा देतात, आणि मग तिथली पोरं त्यावर कशी लागतात. आमच्या खात्याचे अहवाल तू छापून घ्यायचास आणि समासात पेन्सिलने प्रश्न लिहून मला पोस्टाने पाठवायचास. दादा, माझे कागद शेवटच्या पानापर्यंत वाचणारा तू एकटा वाचक होतास. जोडपत्रांसकट. ते मी तुला कधी म्हटलं नाही. चेष्टाच केली. "दादा, तू आता सचिव हो," म्हटलं.

गेल्या हिवाळ्यात तू माझ्याकडे अप्पर हटला आलास. आपण नदीकाठी चालत होतो, तू माझा जुना मफलर गुंडाळला होतास, आणि तिथेच आपलं ते भांडण झालं, जे अजून संपलेलं नाही.

"तुमच्या कागदात हानीचा तक्ता आहे," तू म्हणालास. "पान चौदा. दवाखाना, मृत्यू, बुडालेले कामाचे दिवस, गुन्हे. बरोबर?"

"बरोबर."

"शिवनाथ कुठल्या रकान्यात?"

"दादा, तो तक्ता ह्या देशापुरता आहे. कुठेतरी हद्द आखावीच लागते."

"माल येतो तेव्हा हद्द नसते का?"

"तुला काय हवंय? वापरणाऱ्यांना तुरुंगात टाकू? जगभर करून बघितलंय ते. त्याने काही कमी होत नाही. उलट गरीब पोरं आत जातात, आणि बँकेत नोकरी करणारी सुटतात. आजारी माणसाला उपचार द्यायचे की बेड्या?"

"माझ्यावर भाषण नको झोडू. तुरुंगात टाक असं मी म्हणतच नाही. मोज म्हणतोय मी. नुसतं मोज. इथला माणूस त्रासला तर ती हानी, आणि तिकडचा मेला तर तिकडची बातमी? तुम्ही शिकलेली माणसं एवढं गोड बोलता ना, सुमे. हेल्थ अप्रोच म्हणे. कुणाची हेल्थ?"

मला राग आला. माझं काम मी मनापासून करते. व्यसनी माणसाकडे गुन्हेगार म्हणून बघू नये हे मला तेव्हाही पटत होतं, आजही पटतं. मी तुला म्हटलं की तू दुःखाचं धोरण करू बघतोयस. तू म्हणालास, "आणि तुम्ही धोरणातून दुःखच काढून टाकलंत." मग आपण घरी आलो. चहा मात्र तू केलास. आलं जास्त घातलं होतंस, मुद्दाम.

त्यात तन्मयचं झालं. ख्रिसमसच्या जेवणाला तूच विषय काढलास, आणि तुझा मुलगा, सिटीतल्या चकचकीत ऑफिसात सॉफ्टवेअर लिहिणारा, खांदे उडवून म्हणाला, "बाबा, इट्स नॉट दॅट डीप. फ्रायडे ड्रिंक्सला हीप्स ऑफ पीपल डू अ बिट. आय ट्राइड इट, लाइक, ट्वाइस." बोलून गेला आणि मग त्याचा चेहरा उतरला. वहिनीने हातातली वाटी खाली ठेवली. तू त्याला मारलं नाहीस, ओरडला नाहीस. एवढंच विचारलंस, "ज्याचे नारळ येत होते, त्याचं नाव सांग."

त्याला आठवेना. शाळेत असल्यापासून त्याच नारळांचे मोदक खाल्ले होते त्याने.

मी मध्ये पडले. धोरणातलीच भाषा वापरली. दादा, त्याला लाज वाटायला लावून काही होणार नाही. तू माझ्याकडे बघितलंस, आणि मला पहिल्यांदा वाटलं की मी तुला कंटाळवाणी वाटते आहे.

परत आल्यावर मी ते वाक्य लिहिलं. नव्या मसुद्यात, पान चौदावर, तक्त्याच्या लगेच खाली. एकच वाक्य. 'ह्या देशातल्या मागणीमुळे शेजारच्या देशांत होणारी हिंसा हा आपल्या हानीचाच भाग मानला पाहिजे आणि तो मोजण्याची जबाबदारी आपली आहे.' तुला फोनवर वाचून दाखवलं. तू म्हणालास, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. "हरीला सांगतो," म्हणालास. तुझा आवाज कितीतरी दिवसांनी तुझ्यासारखा वाटला.

महिन्याने तू विचारलंस आणि मी सांगितलं, "वरून काढलं, दादा."

"कुणी? नाव सांग."

"तसं एक नाव नसतं. चार लोक बघतात, कमिटी असते, विषयाच्या कक्षेबाहेर म्हणतात."

"काढणाऱ्या माणसाला हात असेल की नाही?"

मी म्हटलं की मी प्रयत्न केला. हवा असेल तर मसुदा पाठवते, बघ, लिहिलं होतं मी. आणि पाठवला. पाठवायला नको होता, नियमात बसत नाही, पण तुझ्याजवळ माझी पत राहावी म्हणून पाठवला. दोन दिवसांनी तू फोन करून म्हणालास, "मिळाला. वाचला. सुमे, तू लिहिलंस, हे पुष्कळ झालं. मनाला लावून घेऊ नकोस."

दादा, ते वरून कुणी काढलं नव्हतं. वर गेलंच नव्हतं ते. मंगळवारी दुपारी चार वाजता, माझी साहेबीण हेलन मसुदा मागेल म्हणून मी तो शेवटचा वाचत होते, आणि त्या वाक्यावर थांबले. हेलन विचारेल, ह्याला आधार काय. आकडे कुठे आहेत. मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघतील आणि मनात म्हणतील, हिचं काहीतरी घरचं आहे. सगळ्यांत जास्त भीती मला ह्याचीच वाटली. अकरा वर्षं मी तिथे घरचं काही नसलेली बाई म्हणून वावरले आहे. मी वाक्य निवडलं, डिलीट दाबलं आणि मसुदा पाठवला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी सुचवलंही नव्हतं. करमरकरांनी निदान तोंडाने म्हटलं, आपला काय संबंध. मी तेही म्हटलं नाही.

आणि मग तू गेलास. भर सकाळी, डेपोत, पॅलेटवर जरा टेकतो म्हणालास हरीभाईंना, आणि टेकलास.

गेल्या सोमवारी तन्मय मला एअरपोर्टवर सोडायला आला. वाटेत सिग्नलला म्हणाला, "आत्या, बाबा नेव्हर ब्रॉट इट अप अगेन. नॉट वन्स." मग म्हणाला, "शिवनाथ. आय नो इट नाऊ." तो ते नाव अगदी बरोबर उच्चारतो. मी त्याला विचारलं नाही की शुक्रवारच्या त्या ड्रिंक्सचं काय. विचारायला हवं होतं. तू विचारलं असतंस.

काल दुपारी मी हरीभाईंना फोन केला. त्यांचा जेवणाचा ब्रेक असतो त्या वेळी. मागे डेपोतले आवाज येत होते. मला पाठ केलेली दोन वाक्यं म्हणायची होती, ती मी म्हटली. ती बात कागदात आली नाही. आणि ती मीच काढली, दुसऱ्या कुणी नाही.

 मग ते म्हणाले, "हम जानित है, बहिनी."

मला वाटलं त्यांना नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगू लागले.

"भैया हमके देखाइस रहा. कम्पूटर पे. तुम जौन भेजा रहा ऊ. लाल लाइन रहा. बगल में तुम्हार नाम."

मी फोन ठेवून तुला पाठवलेला तो मेल उघडला. जोडलेली फाइल उघडली. पान चौदा. ते वाक्य तिथे आहे, दादा, अख्खं, त्यावर लाल रेघ मारलेली, आणि शेजारच्या समासात छोट्या अक्षरात कुणी खोडलं आणि कधी खोडलं ते. मंगळवार, चार वाजून सहा मिनिटं. सुमेधा. खोडाखोडीची नोंद चालू असलेली तीच फाइल मी तुला, पोत्यांवरचे शिक्के वाचण्यात जन्म घालवलेल्या माणसाला, पुरावा म्हणून पाठवली होती.

म्हणजे तू ते वाचून मला फोन केला होतास. 'तू लिहिलंस, हे पुष्कळ झालं' असं म्हणताना समासातलं ते नाव तुझ्या समोर होतं. कार पार्कमध्ये हरीभाईंनी विचारलं तेव्हा त्यांनाही उत्तर माहीत होतं. त्यांना मी काय म्हणते ते ऐकायचं होतं, आणि मी 'आई' म्हणाले, आणि ते मान हलवून गेले.

फोन ठेवण्याआधी मी त्यांना विचारलं होतं, दादा काय म्हणाला? हरीभाई म्हणाले, "बोलिस, बहिनी डेराय गइस है. ओके टाइम दो. ऊ ठीक करी." घाबरली आहे, तिला वेळ दे, ती नीट करील. मग शिट्टी झाली आणि त्यांना कामावर जावं लागलं. माफ केलं वगैरे ते काही म्हणाले नाहीत. त्यांनी का म्हणावं?

तुझा मला राग येतो आहे, दादा. तू मला तोंडावर खोटारडी म्हणायला हवं होतंस. माझ्यावर विश्वास ठेवून परस्पर मरून जायचा अधिकार तुला कुणी दिला? मी किती वेळ घेणार होते, हे तुला काय माहीत. एका आयुष्यापेक्षा जास्त घेतला.

मसुद्याची पुढची फेरी शुक्रवारी वर जाते. आज सकाळी मी पान चौदावर ते वाक्य पुन्हा लिहिलं. जसंच्या तसं. आधार काय, असं हेलन विचारेल. आकडे माझ्याकडे नाहीत, कारण कुणी मोजलेच नाहीत, हेच तर त्या वाक्यात म्हटलं आहे. घरचं आहे का, असं विचारलं तर हो म्हणणार आहे. ते टिकेल असं मला वाटत नाही. आमच्याकडे असली वाक्यं टिकत नाहीत, आणि ती किती सभ्यपणे जातात ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. पण खोडाखोडीची नोंद मी चालूच ठेवली आहे. ह्या वेळी ज्याला ते नको असेल त्याला स्वतःच्या हाताने खोडावं लागेल, आणि शेजारी तुला हवं होतं ते नाव उमटेल.

आत्ता तिथे माझं आहे. वाक्य घालणारीचं.

शुक्रवारी संध्याकाळी मी हरीभाईंना फोन करीन, ते राहिलं की गेलं ते सांगायला. जे झालं असेल तेच सांगेन.

तुझी,
सुमी